धोंड्याला वेसण

"अलकुंटे, म्हणजे एका सरड्याच्या साक्षीवर मी सुरुंग थांबवायचा?"

टिपणीस साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला आणि तंबूतल्या बाकीच्या तिघांकडं पाहिलं. हसायला हरकत नाही, असा त्याचा अर्थ. तिघंही हसले.

"साक्षीवर नाही साहेब," मी म्हटलं. "तो नाकाडाखालच्या फटीत शिरतो आणि मागच्या माथ्यावर निघतो. मी चार दिवस बघतेय. म्हणजे ती फट आरपार आहे. धोंडा एक नाही, दोन आहेत."

"सरड्याची धाव कुंपणापर्यंत. तुमच्या शाळेत शिकवलं नव्हतं वाटतं?"

पुन्हा हशा. मी नकाशावर बोट ठेवून तशीच उभी राहिले. तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते, कामावरची एकटी बाई, आणि अंगात खुमखुमी भरपूर. गप्प बसायला हवं तिथं मला कधीच बसता आलेलं नाही. त्या दिवशी बसले असते, तर आज हे सांगायला तोंड राहिलं नसतं.

गोष्ट टांझानियातली आहे, साल शहाण्णव. व्हिक्टोरिया तळ्याकाठचं म्वांझा शहर सोडून पूर्वेला दोन तास गेलं की सेरेंगेटीचं गवताळ माळरान लागतं. नजर पोचेल तिथवर सपाट, आणि मध्येच खडकांच्या राशी. कुणी तरी बैलगाड्या आणून ओतल्यासारख्या. आमची कंपनी त्या भागात रस्ता करत होती आणि रस्त्याच्या आखणीवर नेमकी एक रास आली होती. राशीच्या डोक्यावर दुमजली घराएवढा एक धोंडा उतरत्या कातळावर टेकून बसलेला. त्याचा पुढचा भाग रस्त्यावर असा लोंबत होता की आम्ही सगळे त्याला नाकाड म्हणायचो. खाली, रस्त्याच्या पलीकडं चाळीस पावलांवर, चार खोल्यांचा पत्र्याचा दवाखाना होता. आसपासच्या सात गावांतल्या बायका बाळंतपणाला तिथंच यायच्या.

बेत असा होता की शनिवारी दुपारी बाराला सुरुंग लावून नाकाड उडवायचं. धोंडा एकसंध आहे, नाकाड गेलं तरी मागचा भाग जागचा हलणार नाही, असं तपासणीच्या अहवालात लिहिलं होतं. बोअर घेतले होते, पण ते सगळे नाकाडाच्याच अंगात. मागं कुणी गेलंच नव्हतं. मी गेले होते, आणि मला तिथं तो सरडा भेटला.

त्या भागातले नर सरडे एकदा पाहिले की विसरत नाहीत. डोकं, मान आणि छाती कुंकवासारखी लाल, बाकीचं अंग गर्द निळं. माद्या बिचाऱ्या मातकट. एका खडकावर एकच नर राज्य करतो, दुसरा आला की त्याला हुसकावून लावतो. आमच्या धोंड्यावरचा तर भलताच ऐटबाज होता. ऊन चढलं की नाकाडाच्या टोकावर येऊन पुढच्या पायांवर जोर मारायचा. खाली वर, खाली वर. जतच्या तालमीत पोरं काढतात तसेच. मी त्याचं नाव पैलवान ठेवलं. घार दिसली की पैलवान नाकाडाखालच्या अंगठाभर फटीत घुसायचा आणि थोड्या वेळानं पंचवीस फूट मागं, माथ्यावरच्या झुडपातून डोकं काढायचा. बाहेरून चढताना तो मला एकदाही दिसला नाही.

फटीत मी तार घालून पाहिली, दोन फुटांवर अडली. वाट वाकडी असणार. ओलं गवत पेटवून धूर केला, तर माळावरचा वारा तो क्षणात उडवून न्यायचा. शेवटी मागच्या बाजूला हातोडीनं ठोकत गेले. चांगला दगड खणखणतो. हा ठिकठिकाणी बद्द वाजत होता.

"बरं," साहेब म्हणाले, "फट आरपार आहे असं धरून चालू. मग काय होईल?"

"मागचा तीनशे टनांचा भाग नुसता नाकाडाला टेकून उभा आहे. नाकाड त्याचा टेकू आहे. टेकू उडवला की मागचा भाग उतारावरून घसरत येणार. रस्त्यावर थांबणार नाही. दवाखान्यात जाणार."

"टेकू! हे कुठल्या पुस्तकात वाचलंत?"

खरं तर मी नेहमीसारखं काही तरी गुळमुळीत सांगणार होते. माझे वडील बांधकामाच्या धंद्यात आहेत, असं मी कॉलेजपासून सांगत आले होते. पण माझं डोकं फिरलं.

"पुस्तकात नाही वाचलं. माझा बाप दगडफोड्या आहे, साहेब. वडार आहोत आम्ही. जतजवळच्या खाणीत झोळीत वाढले मी. हातात पाटी यायच्या आधी छिन्नी आलीय. आदी वझं उतरवावं, मग टेकू काढावा, हे आमच्यात पाच वर्षांच्या पोरालाही ठाऊक असतं."

तंबूत कुणी हसलं नाही. ज्या गोष्टीची लाज मी आठ वर्षं पोसली, ती अशी भर दुपारी चौघांसमोर टेबलावर पडली होती.

साहेबांनी चष्मा खाली घेतला. माणूस तिरकस होता, पण खोटा नव्हता. "माझ्याकडं सह्या-शिक्क्यांचा अहवाल आहे," ते म्हणाले. "आवाजावर आणि सरड्यावर मी तो बाजूला ठेवू शकत नाही. उद्याचा दिवस तुमचा. डोळ्यांनी दिसेल आणि हातात धरता येईल असा पुरावा आणा. नाही आणलात, तर शनिवारी बाराला कळ दाबली जाईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी म्झे मसांजाला गाठलं. म्झे म्हणजे वडीलधारा. आमच्या सामानाचा राखणदार, पन्नाशी उलटलेला, तिथल्या सुकुमा जमातीचा, आणि जन्म सगळा तळ्यात मासे धरण्यात गेलेला. माझी स्वाहिली तोडकीमोडकी, पण त्याच्याशी माझं जमायचं.

"सरडा जिवंत धरायचा? खायचा आहे का?" त्यानं विचारलं.

"नाही हो. त्याला चुना लावायचा आहे."

"इंजिनिया, तुमच्या देशात काम कमी असतं का?"

बोलला तसा, पण बोरूच्या काडीला जाळ्याचा नायलॉनचा दोरा बांधून फास केला आणि नाकाडाखाली पालथा पडला. पैलवान एका मुंगळ्यावर डोळा ठेवून होता. मसांजानं फास इतका हळू पुढं सरकवला की मला श्वास घ्यायचीही भीती वाटत होती. एक झटका, आणि पैलवान हवेत तडफडत होता.

तेवढ्यात मी पाहिलं, त्याचा रंग उतरत चालला होता. लाल विझला, निळं विझलं, बघता बघता तो वाळल्या मातीच्या ढेकळासारखा झाला. "घाबरला की असाच होतो," मसांजा म्हणाला. मी त्याच्या पाठीवर चुन्याचा ठसठशीत ठिपका लावला आणि साहेबांना बोलावलं. साहेब मागं माथ्यावर जाऊन उभे राहिले, मी पुढून पैलवानाला फटीच्या तोंडाशी सोडलं. तो आत गेला. दहा मिनिटं झाली. मग वरून आवाज आला.

"आला हो! पण हा तुमचा पैलवान नाही!"

मी धावत वर चढले. झुडपाशी मातकट सरडा बसला होता. पाठीवर चुन्याचा मागमूस नाही.

"तोच आहे साहेब! भीतीनं रंग गेलाय. चुना कपारीत घासून गेला असेल."

"म्हणजे रंग बदलला, खूण गेली, तरी तोच." साहेब पँटवरची धूळ झटकत म्हणाले. "माणसानं असं केलं तर आपण त्याला काय म्हणतो, अलकुंटे? आणि तुम्ही त्याला साक्षीदार म्हणून उभा करताय?"

माझीच चूक होती. पोटाला आणि पाठीला दगड घासल्याशिवाय ज्या वाटेनं जाताच येत नाही, तिथून जाणाऱ्याला मी चुना लावला होता. खाणीत वाढलेल्या पोरीला हे सुचायला नको?

दुपारी दवाखान्याच्या मामा न्यामिझी तंबूत आल्या. तिकडं बाईला मामा म्हणतात, म्हणजे आई. पहिले दोन महिने मला हसू यायचं, नंतर सवय झाली. या मामा ठेंगण्या, रुंद, आणि आवाज खणखणीत. दवाखाना त्या एकट्या चालवायच्या.

"उद्या अर्धा तास सगळ्यांना बाहेर काढा, असा तुमचा निरोप आलाय," त्या साहेबांना म्हणाल्या. "दोघी चालत येतील. तिसरी काबुला. मूल आडवं आलंय. काल रात्रीपासून मी तिच्याशी झुंजतेय. तिला उचलली तर दोघंही जातील."

"मग तिला आतच राहू द्या," साहेब म्हणाले. "दवाखाना सुरक्षित आहे. आवाज होईल, खिडक्या उघड्या ठेवा. सुरुंगावर जाळ्या टाकणार आहोत, खडासुद्धा यायचा नाही."

"मीही आतच राहणार," मामा म्हणाल्या आणि वळल्या. जाताना माझ्याकडं पाहून थांबल्या. "तूच ना ती, सरड्याच्या मागं फिरणारी? तुझं काय म्हणणं आहे?"

साहेब माझ्याकडं बघत होते. खरं सांगावं तर साहेबांचा अधिकार मोडायचा, खोटं सांगावं तर माणसं मरायची. मी म्हटलं, "मामा, उद्या बारापर्यंत मला वेळ द्या."

"मी कुठली वेळ देणार? वेळ काबुलाकडं आहे," त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या.

त्यानंतर मला तंबूत बसवेना. मी नाकाडाखाली गेले, तर मसांजा तिथंच बसून आपल्या फासाचा दोरा गुंडाळत शिव्या देत होता. त्यानं माझ्यासाठी पैलवानाला पुन्हा धरायचा प्रयत्न केला होता. फास नीट बसला, पण झटक्यात काडी मोडली, आणि सरडा फासासकट फटीत घुसला.

"चांगला दोन हात दोरा ओढून नेला लबाडानं!" मसांजा म्हणाला. "मी टोक धरून मागं खेचला तेव्हा बाहेर आला. टोपलीत झाकून ठेवलाय."

मी त्याच्याकडं बघतच राहिले. मग त्याचे दोन्ही खांदे धरले. "म्झे, तुमच्याकडं असला दोरा अजून किती आहे?"

"सगळं जाळं उसवलं तर म्वांझापर्यंत पुरेल."

पुरावा हातात धरता येईल असा हवा, असं साहेब म्हणाले होते. तो आता माझ्या हातात होता, केसाएवढा जाड.

पण ऊन उतरलं होतं. थंडावलेला सरडा हलत नाही, तो फक्त उन्हाचा नोकर. तेव्हा ठरवलं, सकाळी आठला ऊन आलं की काम फत्ते.

सकाळी आठला ऊन आलंच नाही. तळ्याकडून ढग आले होते आणि आभाळ राखेसारखं झालं होतं. टोपली उघडली तर पैलवान तळाशी चिकटलेला. हातात घेतला तर खडा घ्यावा तसा गार. पाय ताठ, डोळे मिटलेले, रंग शेणकुटासारखा. नऊ वाजले, दहा वाजले. नाकाडात सुरुंग भरून झाले, तारा जोडून झाल्या, वरून लोखंडी जाळ्या पडल्या. मी त्याला ओंजळीत धरून तोंडाची वाफ देत होते, आणि सुरुंगवाले माझ्याकडं बघून एकमेकांना कोपरानं ढोसत होते. वेडी झालीय, असंच त्यांना वाटलं असणार. मलाही थोडं तसंच वाटत होतं. दवाखान्यातून मधूनमधून काबुलाचं ओरडणं ऐकू यायचं.

साहेब पहाटेच बाहेरगावी गेले होते. सव्वाअकराला त्यांची जीप परत आली. पंचवीस मैल खडबडीत रस्त्यानं पळत आलेली. इंजिन बंद केलं तरी बॉनेटवरची हवा थरथरत होती.

मी उठले आणि पैलवानाला बॉनेटवर ठेवला.

"अहो अलकुंटे! हे काय? नवी जीप आहे!"

"पाचच मिनिटं साहेब. इथं दुसरं ऊन नाही."

साहेब काही तरी बोलणार होते, पण त्यांचंही लक्ष सरड्याकडं गेलं. पैलवानानं पोट पत्र्याला घट्ट दाबलं. एक डोळा उघडला. मग दुसरा. मग मानेच्या मागं एक लालसर रेघ उमटली, जणू कुणी आतून फुंकर मारून निखारा फुलवतंय. लाल डोक्यावर चढलं, छातीवर उतरलं, शेपटीकडून निळं पुढं सरकत आलं. जीपभोवती सुरुंगवाले, मजूर, ड्रायव्हर, सगळे जमले. पैलवानानं बॉनेटवर ऐसपैस उभं राहून पहिला जोर मारला आणि मसांजा टाळ्या वाजवायला लागला.

"काल हा मातकट होता," साहेब हळूच म्हणाले.

"हाच होता, साहेब."

त्यांनी घड्याळ पाहिलं. अकरा बत्तीस. "काय करायचंय ते करा. वर मीच उभा राहतो. आज कुणाच्या डोळ्यांवर विश्वास नाही."

मसांजानं मागच्या पायांपुढं, कंबरेला, सैलसर गाठ मारली. कोळ्याची गाठ ती, ओढली तर आवळत नाही. दोऱ्याची गुंडाळी माझ्या डाव्या हातात, दोरा उजव्या हाताच्या दोन बोटांतून. मी पैलवानाला फटीच्या तोंडाशी ठेवला. त्यानं एकदा इकडं पाहिलं, एकदा तिकडं, आणि आत घुसला.

दोरा बोटांतून सरसर धावू लागला. एक हात, दोन हात, तीन. मग थांबला.

पहिला भोंगा झाला. पंधरा मिनिटं राहिली. माणसं मागं जायला लागली. मी आणि मसांजा तिथंच.

"ओढू का?" मसांजानं विचारलं.

"नको. ओढला तर मागं येईल. त्याला वाट माहीत आहे, आपल्याला नाही."

दोरा पुन्हा हलला. वीतभर गेला, थांबला. हातभर गेला, थांबला. आत कुठं तरी तो वाकणावर असणार, तार अडली होती तसल्याच पुढच्या वाकणावर. मला काय काय आठवत होतं ते सांगत नाही. देवाचं नाव मात्र घेतलं नाही. मनातल्या मनात मी त्या सरड्यालाच दम देत होते, चल पैलवाना, चल मेल्या, तुझी बायकापोरं वर वाट बघतायत. दोरा एकदम धावला. दहा हात, बारा हात, गुंडाळी हातात गरगरली. मग सगळं शांत.

दुसरा भोंगा. पाच मिनिटं.

"वैजयंता मॅडम!" सुरुंगवाल्यांचा मुकादम दुरून ओरडला. "बाजूला व्हा! साहेबांना खाली बोलवा!"

मी हलले नाही. बोटांतला दोरा ढिला पडला होता. कपारीत गाठ सुटली असेल, तो आतच बसला असेल, सगळं संपलं असेल. आणि तेवढ्यात दोऱ्याला हिसका बसला.

एक. मग दुसरा. मग सावकाश, मोजून मारल्यासारखा, तिसरा.

सरडा असे हिसके देत नाही. माणूस देतो.

मी खालून तीन हिसके दिले. वरून तीन परत आले. पंचवीस फूट दगडाच्या पोटातून, आतड्यातून काढावा तसा तो दोरा गेला होता, आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला टिपणीस साहेब होते. मी ओरडले. काय ओरडले ते मला आजही माहीत नाही, पण मसांजा सांगायचा की ते स्वाहिलीत नव्हतं आणि चांगल्या घरच्या बाईनं बोलावं असंही नव्हतं.

माथ्यावर साहेब दिसले. टोपी पडलेली, एका हातात दोरा, दुसऱ्या हातात पैलवान.

"बावटा दाखवा!" ते गरजले. "लाल बावटा! तारा काढा, एकजात सगळ्या काढा! कळीला हात लावेल त्याचा हात तोडीन!" मग माझ्याकडं बघून, "अलकुंटे, धोंड्याला वेसण घातलीत की हो तुम्ही!"

खरंच ती वेसण होती. मी खालून ओढला की वर साहेबांच्या मुठीत दोरा सरकायचा, त्यांनी ओढला की माझ्या. मुकादमानं ओढून पाहिला, ड्रायव्हरनं पाहिला, सगळ्यांनी रांगेनं पाहिला. मसांजानं वर जाऊन पैलवानाची गाठ सोडली. तो मोकळा होताच सगळ्यांकडं तोंड करून जोर मारायला लागला, जणू आत्ता जे घडलं ते त्याच्यामुळंच. आणि घडलं होतं त्याच्यामुळंच!

मामांनी आडवं मूल शेवटी वळवलं आणि दुपारी तीनला काबुलाला मुलगी झाली. दोघी धडधाकट. मामा न्यामिझी बाहेर आल्या तेव्हा त्यांना कुणी तरी दोऱ्याचा सगळा प्रकार सांगितला. त्यांनी मान वर करून धोंड्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं आल्या आणि माझं डोकं आपल्या छातीशी दाबलं. डेटॉल आणि घामाचा वास आला. मी तिथं पोटभर रडून घेतलं.

रात्री साहेबांनी मला नकाशासमोर बसवलं. "आता सांगा, तुमचे वडील असते तर काय केलं असतं?"

"आदी वझं उतरवलं असतं. मागचा धोंडा वरून, पाचरी मारून, फोडत यायचा. सुरुंग नाही. हातानं."

"दिवस किती?"

"माणसं चांगली मिळाली तर तीन आठवडे."

"काम तुमचं," साहेब म्हणाले. "वर काय कळवायचं ते माझं."

नाकाडात भरलेले सुरुंग दुसऱ्याच दिवशी काढून घेतले. तिथल्या लोहारानं माझ्या चित्रावरून साठ पाचरी घडवल्या. खडी फोडणाऱ्या सुकुमा बायका आणि पुरुष मिळून अठरा जण घेतले. रेघ आखायची, रेघेवर छिन्नीनं घरं पाडायची, प्रत्येक घरात पाचर बसवायची, आणि मग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत घणाचा एकेक ठोका. घाई केली की दगड वेडावाकडा फुटतो. सगळ्या पाचरींचा आवाज एक झाला की तो आपण होऊन उलतो, भाकरी मोडावी तसा. पहिली फाक सरळ निघाली तेव्हा ती माणसं माझ्याकडं ज्या नजरेनं बघत होती, त्या नजरेसाठी मी इंजिनियरिंगची चार वर्षं घासली होती आणि मला ती मिळाली घणाच्या दांड्याला धरून.

बाविसाव्या दिवशी मागचा दोन तृतीयांश भाग उतरला. उरलेला तिसरा हिस्सा कातळाच्या सपाट भागावर बसलाय, त्याला टेकूची गरज नाही, असं माझं म्हणणं होतं. आता नाकाड काढायचं. पण हे म्हणणं माझ्या कानाचं होतं, कागदावर त्याला आधार नव्हता, आणि मुकादमानं ते सगळ्यांसमोर बोलून दाखवलं. "बाई म्हणतायत नाही हलणार. आणि हललं तर?"

दवाखाना रिकामा केला होता. सगळे दूर उभे होते. मी नाकाडाच्या मुळाशी, रेघेच्या मागं, हातात घण, शेवटची पाचर समोर. त्याच वेळी खाली कुणी तरी चालत जाताना दिसलं. पांढरा सदरा, टोपी. साहेब रस्ता ओलांडून सरळ दवाखान्याच्या व्हरांड्यात गेले, बाकावर बसले आणि मामा न्यामिझींकडून मागून घेतलेला चहाचा मग शेजारी ठेवला.

"साहेब, तिथं काय करताय?" मी वरून ओरडले. "उठा!"

"मी इथंच बरा आहे."

"साहेब, माझ्या हाताला कंप सुटेल!"

"मग तुमची पाचर वाकडी बसेल आणि मी मरेन," ते शांतपणे म्हणाले. "मारा."

मी पाय रोवले. पाचरींवरून एकदा कान फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत हळू ठोकत, आणि सगळ्या एका सुरात बोलल्या. घण डोक्यावर घेतला आणि घातला.

दगड उलला. पायांखालून एक थरार गेला, आणि नाकाड रेघ आखलेल्या जागी सुटून, पुढं खाली घातलेल्या वाळूच्या ढिगात जाऊन धप्पकन बसलं. धुळीचा लोट उठला. दवाखाना दिसेना, रस्ता दिसेना, माझेच हात मला दिसेनात. मी मागं वळून उरलेल्या धोंड्याला दोन्ही तळवे लावले. तो गरम होता, आणि तसूभर हलला नव्हता.

धूळ विरायला फार वेळ लागला, निदान मला तसं वाटलं. मग तिच्यातून खोकल्याचा आवाज आला, आणि त्यापाठोपाठ टिपणीस साहेबांचा, आख्ख्या माळाला ऐकू जाईल असा.

"अलकुंटेबाई! माझ्या चहात माती पडली! दुसरा सांगा!"